हेमलताची उभारी

हेमलताची पट्टी मी पहिल्यांदा माझ्या पायात बांधली तो मंगळवार होता. उजव्या घोट्यावर माझी होतीच, तिची मी डाव्या घोट्यावर बांधली. दोन्ही करड्या रंगाच्या, बोटभर रुंद. साडीच्या काठाखाली दिसत नसत. मी शेगाव नाक्यापर्यंत चालत गेले, पालक घेतला, भाजीवालीशी आणि औषधाच्या दुकानातल्या मुलीशी बोलले आणि परत आले. संध्याकाळी हेमलताच्या भिंतीवरच्या पडद्यावर आकडा उमटला. त्रेसष्ट. आदल्या दिवशी एकसष्ट होता.

"बघ," हेमलता म्हणाली, "चाललीस तू आणि तब्येत माझी सुधारून राहिली."

आम्ही दोघी हसलो. मग तिने चहा केला. दोन कप बाहेर आणायला तिने दोन फेऱ्या केल्या, एका वेळी एकच कप. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

ही २०४१ सालची गोष्ट. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची होते, ती माझ्यापेक्षा एका वर्षाने मोठी. अमरावतीतली आमची कॉलनी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्यांची. माझा प्रसाद ऑस्ट्रेलियात, तिची शर्वरी बंगळूरला पुलांची इंजिनिअर. दोघींचे नवरे गेलेले. माझं घर नऊ नंबर, तिचं दहा.

सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना महापालिकेने पट्ट्या वाटल्या, त्यालाही तीन वर्षं झाली होती. तायडे सिस्टर आमच्या वॉर्डाच्या परिचारिका. त्यांनी समाजमंदिरात सगळ्यांना बसवून समजावलं होतं. जिना चढताना तरुण माणूस पायातली निम्मीच ताकद वापरतो, निम्मी राखीव असते. वय वाढतं तशी राखीव ताकद कमी होते. ती संपत आली की आठ दिवसांचा ताप माणसाला कायमचा अंथरुणावर टाकतो. पण त्याआधी वर्ष-दोन वर्षांचा एक काळ असतो. त्या काळात माणसाला स्वतःला काही कळत नाही, घरच्यांनाही नाही. पाऊल अर्ध्या इंचाने आखूड पडतं. दोन पावलांमधलं अंतर एकसारखं राहत नाही. स्वयंपाकघरातल्या फेऱ्या कमी होतात, बोलण्यातली माणसं कमी होतात. पट्टीला हे सगळं समजतं. ती पावलं मोजते आणि दिवसात किती वेगवेगळे आवाज आपल्याशी बोलले तेही मोजते. शब्द साठवत नाही, नुसते आवाज. त्यातून रोज एक आकडा निघतो, शंभरपैकी. त्याला नाव दिलं होतं 'उभारी'.

"साठच्या वर हिरवं," सिस्टर म्हणाल्या होत्या. "चाळीस ते साठ पिवळं. पिवळ्यात असताना धरलं तर माणूस मागे वळतं. व्यायाम, डाळी-अंडी, आणि माणसांत जाणं, एवढंच औषध. त्याच्या खाली गेलं की मग वळत नाही."

आम्ही माना डोलावल्या, फॉर्मवर सह्या केल्या आणि पट्ट्या घेऊन घरी आलो.

पुढच्या दिवाळीत सात नंबरच्या शकुंतला भुयार पिवळ्यात गेल्या. पंधरा दिवसांत नाशिकहून मुलगा आला आणि संक्रांतीला त्यांच्या घराला कुलूप होतं. कॉलनीत सगळ्यांना कळलं की पिवळं झालं की महापालिका मुलांना कळवते आणि मुलं घेऊन जातात. हे कुणी कुणाला सांगितलं ते आता आठवत नाही. फॉर्म कुणी काढून वाचला नाही. आम्ही जन्मभर कानाने काम केलेल्या बायका. वायरवरून जे ऐकू आलं ते खरं.

हेमलताला तिचं घर सोडायचं नव्हतं. शर्वरीचं घर एकविसाव्या मजल्यावर होतं. तिथे ती एकदा महिनाभर राहून आली होती. "दारं उघडायची सोय आहे," ती म्हणाली, "दार उघडून कुठे जायचं याची नाही." ती इथेच, स्वतःच्या पायांवर, शेवटपर्यंत राहणार होती. हे तिने मला इतक्यांदा सांगितलं होतं की ते मला माझंच ठरलेलं वाटायचं.

तिचा आकडा सत्तरवरून एकसष्टवर आला, तेव्हा ती माझ्याकडे आली आणि पट्टी टेबलावर ठेवून म्हणाली, "कुमुद, माझी पोझिशन जराशी सांभाळतेस?"

हे वाक्य मी पन्नासहून जास्त वर्षांनी ऐकत होते.

१९८५ साली ट्रंक एक्सचेंजमध्ये आम्ही शेजारी शेजारी बसायचो. तिची पोझिशन अकरा, माझी बारा. पोझिशन म्हणजे बोर्डाचा आपल्या वाट्याचा तुकडा. समोर दिव्यांच्या रांगा, खाली वायरींच्या पिना, कानावर हेडसेट. दिवा लागला की दहा सेकंदांत उत्तर द्यायचं. मागे उंच टेबलाशी सुपरवायझर बसायच्या. त्यांना आमचे चेहरे दिसत नसत, पाठी आणि दिवे तेवढे दिसत. प्रसाद तीन महिन्यांचा असताना सासूबाई रोज दुपारी त्याला घेऊन सायकल स्टँडच्या मागे येऊन बसत, आणि मी वीस मिनिटं त्याला पाजायला जात असे. त्या वीस मिनिटांत हेमलता दोन्ही हेडसेट गळ्यात घ्यायची, एक डाव्या कानाला, एक उजव्या. अकरावर तिच्या आवाजात 'अमरावती' म्हणायची, बारावर माझ्या आवाजात. पाच महिने हे चाललं. शेजारणीची पोझिशन रिकामी दिसू द्यायची नाही, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, पण एक्सचेंजमधली प्रत्येक बाई तसंच वागायची.

म्हणून मी काही विचारलं नाही. पाय पुढे केला.

यंत्राला हे कळलं कसं नाही, असं नंतर सगळ्यांनी विचारलं. प्रत्येकाची चाल वेगळी असते हे यंत्राला माहीत होतं. पण ते हळू झालेल्या बदलावर विश्वास ठेवायचं. पहिल्या आठवड्यात मी तिची पट्टी रोज एकच तास घातली. दुसऱ्या आठवड्यात दोन. दोन महिन्यांनी ती दिवसभर माझ्या पायात होती. यंत्राच्या दृष्टीने एक बाई व्यायाम करून सुधारत होती. आमची उंची सारखी, आणि आम्ही सदा बरोबर, म्हणून दोन पट्ट्या एकाच रस्त्याने जाण्यात नवल नव्हतं.

तिचा आकडा सत्तर झाला, मग पंच्याहत्तर. पडदा रोज सकाळी तिचं अभिनंदन करायचा.

सुरुवातीला ती माझ्याबरोबर यायची. मग एकदा ऊन होतं म्हणून नाही आली. "तू जाऊन राहिलीच आहेस, तर मी पडते जराशी." मग तिची भाजी मी आणू लागले. दळण मी न्यायला लागले. पोळ्या चारऐवजी आठ लाटायला मला कष्ट नव्हते, म्हणून त्याही मीच करू लागले. एकेक काम तिच्या घरातून उठून माझ्या घरी आलं. आधी तिला थोडं वाईट वाटायचं, पुढे वाटेनासं झालं. मलाही त्याचं काही वाटलं नाही. माझा आकडा नव्वदच्या वर गेला होता. त्या वर्षी मला सर्दीसुद्धा झाली नाही.

भाद्रपदात कॉलनीत भुलाबाई बसली, म्हणजे महिनाभर रोज संध्याकाळी गाणी. नातींच्या निमित्ताने आम्ही म्हाताऱ्याच गाणी म्हणायचो, आणि हेमलता आमची म्होरकी. कोणत्या गाण्यानंतर कोणतं, हे तिलाच पाठ. त्या वर्षी मी एकटी गेले, दोन्ही पट्ट्या घालून.

"हेमलताताई कुठे?" चौदा नंबरच्या वैद्यबाईंनी विचारलं.

"तिच्याकडे पाहुणे आलेत."

"रोज?"

"रोज."

गाणी अधूनमधून अडली. रात्री जेवणाआधी हेमलताचा पडदा म्हणाला, आज आपण बारा जणांशी बोललात, छान. ती पलंगावर बसून ते ऐकत होती. "काय काय म्हटलं वं?" तिने विचारलं. मी तिला सगळी गाणी क्रमाने सांगितली. मधली दोन मला आठवली नाहीत. तिलाही आठवली नाहीत.

तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. ती साडी सोडून गाऊन घालू लागली. नळाखाली बादली अर्धीच भरायची. हे सगळं मी पाहत होते. कुणी विचारलं असतं तर दिवसवार सांगितलं असतं. पण मी रोज संध्याकाळी आकडा बघत होते, आणि आकडा चांगला होता. तो माझ्याच पायांचा आहे हे मला ठाऊक असूनही तो बघून मला बरं वाटायचं. हे कसं होतं ते मला अजूनही नीट सांगता येत नाही.

दिवाळीनंतर शर्वरीचा मला फोन आला.

"मावशी, आईने आकडा पाठवला. चौऱ्याऐंशी. खरं आहे ना हो?"

"पडद्यावर तेच आहे."

"नाही, मला भीती वाटत होती. फोनवर आवाज बारीक येतो तिचा. मी सहा महिने सुट्टी घेऊन तिथे येऊन राहायचं ठरवलं होतं. आणि इकडे नॉर्वेच्या पुलाचं काम आलंय, वर्षभराचं. तुम्ही रोज बघता तिला. तुम्ही सांगा. जाऊ?"

हेमलता समोरच पलंगावर होती, फोन स्पीकरवर होता. शर्वरी येऊन राहिली तर दोन दिवसांत सगळं बघेल, हे दोघींनाही कळलं. हेमलताने माझ्याकडे पाहिलं आणि हाताने 'जा म्हण' अशी खूण केली.

"जा," मी म्हटलं.

पौष महिन्यातल्या एका सकाळी मी बागेपर्यंत चक्कर मारून साडेआठला तिच्याकडे गेले. किल्ली माझ्याकडे असायची. ती बाथरूममध्ये प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेली होती. बादलीतलं पाणी गार झालं होतं. सहा वाजल्यापासून ती तशीच होती.

"पडलीस?"

"नाही गं. नुसती बसली. उठताच नाही आलं."

"हाक मारायची."

"मारली ना. आवाजच जाऊन नाही राहिला."

भिंतीपलीकडे माझं स्वयंपाकघर आहे. एके काळी तिचा आवाज खराब लाइनीतून नागपूरपर्यंत स्वच्छ जायचा. मी तिच्या अंगावर टॉवेल टाकला आणि काखेत हात घालून तिला उठवलं. ती इतकी हलकी होती की मला जोर लावावा लागला नाही. बाहेरच्या खोलीत पडदा बोलत होता. सुप्रभात, हेमलताताई. आज आपण दोन हजार शंभर पावलं चाललात. उत्तम.

तायडे सिस्टरांना मीच बोलावलं. हेमलता नको म्हणत होती. सिस्टरांनी तिच्या हातात मुठीची ताकद मोजायचं यंत्र दिलं. नऊ किलो, हवे होते निदान अठरा. मग त्यांनी पडद्याकडे पाहिलं. शहाऐंशी.

"हे जुळत नाही," त्या म्हणाल्या. "इतका चांगला आकडा असताना माणूस असं एकाएकी खचत नाही. मेंदूत काहीतरी झालं असणार. नागपूरला पाठवावं लागेल. डोक्याचे फोटो, मणक्यातलं पाणी काढून तपासणी. आजच."

हेमलताने डोळे मिटून घेतले. मी साडीचा काठ वर केला.

"तिच्या मेंदूत काही झालं नाही," मी म्हटलं. "पाय माझे आहेत."

सिस्टर माझ्या दोन्ही घोट्यांकडे बघत राहिल्या. रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि वही काढली.

"किती दिवस?"

"चौदा महिने."

"सुरुवात केली तेव्हा आकडा किती होता?"

"एकसष्ट."

त्यांनी लिहून घेतलं. "म्हणजे महिनाभरात पिवळं झालं असतं. मी आले असते. आठवड्याला तीन दिवस, तीन महिने. एकसष्ट-साठवरच्या बहुतेक जणी परत येतात, मावशी."

"आणि शर्वरीला कळवलं असतं तुम्ही," हेमलता डोळे न उघडता म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"शकुंतलाच्या पोराला कळवलंच ना."

"भुयार मावशींनी स्वतः फोन केला होता त्याला. त्याच्याकडे बाळ झालं होतं, त्यांना जायचंच होतं. आम्ही कुणालाच कळवत नाही. तुम्ही परवानगी दिली तरच. फॉर्मच्या दुसऱ्या पानावर आहे."

हेमलताने डोळे उघडले. मग हेमलता म्हणाली, "त्या बाळासाठी गेली होय ती." एवढंच.

"आता?" मी विचारलं.

"आता आहे तेवढं टिकवायचं. एकटीने राहणं जमणार नाही. मुलीला सांगा."

सिस्टर गेल्यावर हेमलताने माझा हात धरला. पकड लागतच नव्हती. "शर्वरीला एकदम झालं म्हणू. रात्रीतून. तुझं नाव कशाला मधात."

मी त्यावर दुपारभर विचार केला. विचार म्हणजे, पोळ्या केल्या आणि विचार केला. एकदम झालं म्हटलं तर शर्वरी तिला मोठ्या दवाखान्यात नेईल, मणक्यात सुया टोचल्या जातील, आणि नसलेल्या आजाराचा शोध चालू राहील. खरं सांगितलं तर शर्वरी तिला घेऊन जाईल आणि माझ्याशी बोलणार नाही. कुठूनही गेलं तरी दहा नंबर बंदच होणार होतं. मी नॉर्वेला फोन लावला.

शर्वरीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी विचारलं होतं तुम्हाला. जाऊ का म्हणून."

"हो."

"तुम्ही जा म्हणालात."

"हो."

"तेव्हा पट्टी कुणाच्या पायात होती?"

"माझ्या."

पलीकडून काही आवाज येईना. लाइन तुटलेली आणि माणूस गप्प, यातला फरक मला कळतो. लाइन चालू होती.

बाराव्या दिवशी ती आली. दर वेळी दारातच वाकून नमस्कार करणारी मुलगी माझ्या बाजूने सरळ आत गेली. आईची औषधं, कपडे, चष्मे भरले. दोन दिवसांत काम आटोपलं. निघताना तिने माझ्याकडे घराची किल्ली मागितली. मी दिली. हेमलता गाडीत पुढच्या सीटवर होती, पाठीशी दोन उशा. मी काचेजवळ गेले.

"तिच्यावर रागावू नकोस," हेमलता म्हणाली.

"मी कशाला रागावू."

"जेवत जा."

"तूही."

गाडी गेली. मी घरी येऊन कुकर लावला. डाळ-तांदूळ सवयीने दोघींचे घेतले होते, ते दुसऱ्या दिवशीही पुरले.

बंगळूरला ती आता वॉकरला धरून पलंगापासून खिडकीपर्यंत जाते. सुरुवातीला आम्ही फोनवर रोज बोलायचो. मग तिला दम लागायला लागला. आता रविवारी, चार-पाच मिनिटं. शर्वरी फोन लावून देते आणि खोलीबाहेर जाते.

माझं सांगायचं तर, मला काही झालं नाही. भाजी एकटीला चार दिवस पुरते, म्हणून नाक्यावर जाणं चार दिवसांनी होऊ लागलं. मग फोनवरून मागवायला लागले. बागेत जायचं तर बरोबर कुणी नाही. भुलाबाईला मी गेले नाही, क्रम कुणालाच येत नव्हता. दुपारी झोप लागायची, ती पाचपर्यंत. माझा आकडा एक्क्याण्णव होता, तो ऐंशी झाला, मग एकाहत्तर. मला दुखत-खुपत काहीच नव्हतं. पुढच्या वर्षीच्या फाल्गुनात एका सकाळी पडदा पिवळा दिसला. अठ्ठावन्न.

त्याच दुपारी वैद्यबाई आल्या. चौदा नंबरमध्ये कसं कळलं देव जाणे. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "कुमुदताई, द्या ती पट्टी माझ्याकडे. मी रोज बागेत दोन चकरा मारतेच. कशाला ते सिस्टरचं लचांड मागे लावून घेता?"

त्यांनी हात पुढे केला होता. त्या मनापासून म्हणत होत्या. माझा पाय टेबलाखाली होता, पट्टी सोडायला एक बोट पुरतं. मला हो म्हणायचं होतं. खूप दिवसांनी काहीतरी हवंसं वाटलं होतं, ते हे.

"नको," मी म्हटलं.

"का वं? विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे."

त्या थोडा वेळ बसल्या आणि गेल्या. त्यांना राग आला असावा.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तायडे सिस्टर आल्या. दहा नंबरबद्दल काही बोलल्या नाहीत. वही उघडून विचारू लागल्या.

"काल कुणाशी बोललात, मावशी?"

"वैद्यबाईंशी."

"परवा?"

"कुणाशीच नाही."

"त्याच्या आदल्या दिवशी?"

मला काहीही सांगता आलं असतं. दूधवाला, पोस्टमन, समोरची सून. "नाही," मी म्हटलं. "कुणाशीच नाही." त्यांनी लिहिलं.

मग त्यांनी जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली. हात छातीशी बांधायचे, हाताचा आधार न घेता पाच वेळा उठायचं आणि बसायचं. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाचं बटण दाबलं आणि त्याच्याकडे बघत मोजू लागल्या. मी उठले, बसले. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. चौथ्यांदा मांड्या थरथरल्या. पाचव्यांदा बसले तेव्हा कपाळावर घाम आला होता.

"पाच," त्या म्हणाल्या आणि वहीत लिहिलं. "छान."

"चार," मी म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं.

"चौथ्या वेळी मी खुर्चीला हात लावला. तुम्ही घड्याळाकडे बघत होता."

त्यांनी पाच खोडलं आणि चार लिहिलं.